साडेआठ वर्षांची दुरुस्ती

एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या ट्रिएस्ट या इटालियन बंदरात १ फेब्रुवारी २०२५ रोजी एक ट्रॅम सुरू झाली. ट्रॅम नवी नव्हती. ती १९०२ सालची. मार्ग जुनाच होता आणि डबेही जुनेच होते. नवी गोष्ट एवढीच की, १६ ऑगस्ट २०१६ रोजी दोन गाड्या समोरासमोर धडकल्यानंतर थांबविण्यात आलेली वाहतूक जवळजवळ साडेआठ वर्षांनी पूर्ववत झाली. अपघातात काही जण जखमी झाले होते. सुदैवाने प्राणहानी झाली नव्हती. मार्गाची एकूण लांबी पाच किलोमीटरांहून थोडी अधिक. याच ट्रिएस्टला व्हिएन्नाशी जोडणाऱ्या लोहमार्गावरचा सेमरिंगचा घाट एकेचाळीस किलोमीटरांचा आहे. तो १८४८ ते १८५४ या सहा वर्षांत, कुदळ-पहारी आणि सुरुंगाच्या दारूच्या बळावर फोडण्यात आला. आपल्या खंडाळ्याच्या घाटालाही १८५६ पासून १८६३ पर्यंत सातच वर्षे लागली. एकविसाव्या शतकात, एका संपन्न राष्ट्रात, तयार असलेला मार्ग दुरुस्त करण्यास त्याहून अधिक काळ लागावा ही गोष्ट केवळ कुतूहलाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

एका परक्या गावातील एका छोट्या गाडीची ही कथा आहे आणि राज्ये उलथून टाकण्याइतके तिच्यात काही नाही, हे उघडच आहे. तथापि आधुनिक राज्ययंत्रणेचा कस मोठमोठ्या योजना जाहीर करताना लागत नाही. तो हातात आहे ते नीट चालविताना लागतो. पूल बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात. त्या पुलाचे खिळे दरवर्षी तपासणाऱ्याचे नाव हजेरीपटापलीकडे कोठे जात नाही. ओपिचिनाच्या ट्रॅमचे जे झाले ते या दृष्टीने पाहिले पाहिजे, आणि ते पाहताना केवळ लालफितीला चार शिव्या हासडून भागणार नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

प्रथम ही गाडी आहे तरी कशी ते पाहू. ट्रिएस्ट शहर समुद्रकाठच्या अरुंद पट्टीत दाटलेले आहे आणि त्याच्या पाठीशी कार्स्टचे चुनखडीचे पठार एकदम उभे राहिलेले आहे. भूगोलाच्या पुस्तकांत चुनखडीच्या प्रदेशांना जे 'कार्स्ट' हे नाव मिळाले ते याच पठारावरून. ओपिचिना हे गाव त्या पठाराच्या कडेवर वसले आहे. व्हिएन्नाहून येणारी दक्षिण रेल्वे १८५७ मध्ये ट्रिएस्टला पोहोचली, पण पठाराच्या काठावरून खाली बंदरात उतरण्यासाठी तिला मोठा वळसा घ्यावा लागला. ओपिचिनाच्या माणसाला शहराची घरे खाली दिसत असत, आणि आगगाडीने तेथे जायचे तर उलट्या दिशेने निघावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी एउजेनिओ गाइरिंगर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार ९ सप्टेंबर १९०२ रोजी ही विजेची ट्रॅम सुरू झाली. गाइरिंगरचा स्वतःचा बंगला वाटेतल्या स्कोर्कोला टेकडीवरच होता. लोकहित आणि स्वहित यांची सांगड सर्वत्र अशीच जमते. निदान येथे लोकहिताचा वाटा मोठा निघाला.

खरी मौज आहे ती या स्कोर्कोला टेकडीच्या चढावर. हा चढ जेमतेम आठशे मीटरांचा आहे, पण काही ठिकाणी तो शंभर मीटरांस सव्वीस मीटर इतका उभा आहे. खंडाळ्याच्या घाटातील चढ सदतिसास एक असतानाही कर्जतला गाडीमागे बँकर इंजिने जोडावी लागतात. येथे तर चढ चारास एक! पोलादी रुळावरून पोलादी चाक अशा ठिकाणी स्वतःच्या बळावर चढूच शकत नाही. ते जागच्या जागी फिरेल किंवा मागे घसरेल. म्हणून आरंभी दोन रुळांच्या मध्ये तिसरा दातेरी रूळ टाकून त्यात चाक अडकवून वर चढणारे छोटे इंजिन ट्रॅमला ढकलीत असे. १९२८ मध्ये दातेरी रूळ जाऊन पोलादी दोर आला, आणि तेवढ्यापुरती ही ट्रॅम फ्युनिक्युलर रेल्वे बनली.

ही रचना मोठी साधी आणि मोठी हुशारीची आहे. एका लांब दोराच्या दोन टोकांना दोन ठेंगणी ढकलगाडी-वाहने बांधलेली. एक चढाच्या पायथ्याशी, दुसरे माथ्यावर. शहरातून आलेली ट्रॅम पायथ्याशी थांबते. ढकलगाडी तिच्या मागे येऊन टेकते आणि तिला वर रेटू लागते. त्याच वेळी माथ्यावरून उतरणारी ट्रॅम आपल्या ढकलगाडीवर भार टाकून सावकाश खाली येत असते. खाली येणारीचे वजन वर जाणारीला ओढते. यंत्राला भरावा लागतो तो फक्त फरक. मध्यावर रूळ दुभंगतात आणि दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडून जातात. दोन शेजाऱ्यांनी एकाच विहिरीवर एकाच रहाटाला दोन बादल्या लावाव्यात तसा हा प्रकार आहे. एकीचे उतरणे हेच दुसरीचे चढणे. एक बंद पडली की दुसरीही जागच्या जागी. चढ संपला की ट्रॅम ढकलगाडीला सोडून स्वतःच्या मोटारीवर पुढे निघते. रस्त्यावरची ट्रॅम आणि डोंगरावरची दोराची गाडी यांचे असे लग्न लावलेले मार्ग युरोपात फार थोडे उरले आहेत.

गाडी निघते ती शहराच्या मध्यभागातील ओबेर्दान चौकातून. निळ्या-पांढऱ्या रंगाचे डबे १९३५ आणि १९४२ साली बांधलेले आहेत. आरंभी ती इतर कोणत्याही ट्रॅमसारखीच घरांच्या रांगांमधून जाते. मग दोराचा चढ लागतो आणि बाजूच्या घरांच्या खिडक्या तिरक्या दिसू लागतात. वस्तुतः खिडक्या सरळच असतात, तिरका झालेला असतो प्रवासी. परसातल्या भिंती, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या, द्राक्षांचे मांडव हे सारे हाताच्या अंतरावरून खाली सरकत जाते. माथा आल्यावर गाडी कोलोन्या, कोन्कोनेल्लो असे थांबे घेत पठाराच्या कडेने चढत राहते आणि डाव्या हाताला ट्रिएस्टचे आखात उलगडते. बंदराचे धक्के, दीपगृह, मिरामारेचा पांढरा किल्ला, आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडे आल्प्सची हिमरेषा. ओबेलिस्कच्या थांब्यावर शहरातील माणसे रविवारी फिरायला उतरतात. सुमारे अर्ध्या तासात समुद्रसपाटीवरचा माणूस सव्वातीनशे मीटर वर जाऊन पोहोचतो, आणि एका भाषेच्या प्रदेशातून दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातही.

हे शेवटचे महत्त्वाचे आहे. ओपिचिनाचे दुसरे नाव ओप्चिने. ते स्लोव्हेन आहे. पठारावरची खेडी परंपरेने स्लोव्हेनभाषी आणि खालचे शहर मुख्यतः इटालियनभाषी. शहराला दूध, अंडी, भाजीपाला पुरविणाऱ्या बायका पठारावरच्या आणि ते विकत घेणाऱ्या गृहिणी खालच्या, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्या दोघींच्या मधला उभा डोंगर या गाडीने काही प्रमाणात लहान केला. राजकारणाने मात्र तो वेळोवेळी मोठा करून ठेवला. ज्या चौकातून गाडी निघते त्या चौकाला नाव आहे ते ओबेर्दान या तरुणाचे. सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्या वधाचा कट केल्याबद्दल त्याला २० डिसेंबर १८८२ रोजी तेथील ऑस्ट्रियन बराकीत फाशी देण्यात आली. इटालियन राष्ट्रवादाचा हा हुतात्मा. त्याची आई मात्र स्लोव्हेन होती. याच चौकाजवळ स्लोव्हेन लोकांचे सांस्कृतिक केंद्र असलेली 'नारोद्नी दोम' ही वास्तू उभी आहे. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांच्या टोळ्यांनी ती जाळली. त्या घटनेला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, १३ जुलै २०२० रोजी, इटली आणि स्लोव्हेनिया या दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत ती स्लोव्हेन समाजाला परत देण्याच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. त्या दिवशी दोन्ही राष्ट्राध्यक्ष त्या परिसरात आले, पण चौकातून ओप्चिनेला जाणारी ट्रॅम बंदच होती.

ट्रॅम सुरू झाली तेव्हा ट्रिएस्ट हे हॅब्सबर्ग साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. १७१९ मध्ये ते मुक्त बंदर झाले, तेव्हापासून तेथे ग्रीक, सर्ब, ज्यू, जर्मन, आर्मेनियन असे सर्व तऱ्हेचे व्यापारी जमले. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि शहर इटलीकडे आले. १९४३ नंतर जर्मन, १९४५ मध्ये चाळीस दिवस युगोस्लाव्ह, मग ब्रिटिश-अमेरिकन लष्करी प्रशासन, आणि १९५४ मध्ये पुन्हा इटली. तिकिटाचे पैसे क्रोनमध्ये घेतले गेले, लिरामध्ये घेतले गेले, आता युरोमध्ये घेतले जातात. इतक्या सत्तांतरांत जी गाडी पुन्हा पुन्हा उभी राहिली तिला थांबविण्याचे काम शांततेच्या काळातील नगरव्यवस्थेने करून दाखविले, हे विशेष.

या बंदराचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर येथील ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या आगबोटी मुंबईपर्यंत येऊ लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर हीच कंपनी लॉइड ट्रिएस्टिनो झाली. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्रिंदिसीला ज्या 'पिल्स्ना' बोटीवर चढले ती याच कंपनीची, आणि स्वातंत्र्यानंतर युरोपात शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या एका पिढीला याच कंपनीच्या 'आशिया' आणि 'व्हिक्टोरिया' या बोटींची नावे पाठ होती. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये ट्रिएस्टला सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन केल्यापासून भारतीय शास्त्रज्ञांची ये-जाही तेथे नित्याची झाली. तेव्हा ट्रिएस्ट हे नाव महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. असो.

या गाडीवर गावाचे प्रेम कसे आहे ते एका गाण्यावरून कळते. उद्घाटनाला जेमतेम महिना होतो तोच, १० ऑक्टोबर १९०२ रोजी, एक गाडी उतारावर रूळ सोडून गेली. या फजितीवर ट्रिएस्टच्या बोलीभाषेत एक गाणे रचले गेले. एकशे वीस वर्षांनंतरही ते लग्नात, खाणावळीत, सहलीत म्हटले जाते. शहराचे ते जणू अनधिकृत राष्ट्रगीत आहे. पराक्रमावर गाणी रचणारी गावे पुष्कळ. आपल्या ट्रॅमच्या अपघातावर गाणे रचून ते चार पिढ्या गाणारे गाव विरळा. या थट्टेत जिव्हाळा आहे, आणि एक शहाणपणही आहे. गाडी कधी बिघडणारच, ती दुरुस्त करायची आणि पुढे जायचे, हे त्यात गृहीत आहे. शहरातील इतर ट्रॅममार्ग १९७० पर्यंत एकेक करून संपले; मुंबईने तर त्याआधीच, ३१ मार्च १९६४ रोजी, आपल्या ट्रॅमला निरोप दिला होता. ओपिचिनाची ट्रॅम राहिली, कारण त्या चढावर तिच्या तोडीचे दुसरे काही नव्हते.

मग २०१६ नंतर काय झाले? नेमके काय झाले हे सांगणे अवघड आहे, कारण ठळक असे काही झालेच नाही. कोणी ट्रॅम बंद करण्याचा ठराव केला नाही. कोणत्याही पक्षाने ती मोडीत काढा असे म्हटले नाही. उलट निवडणुका आल्या की ती लवकरच सुरू होईल असेच सांगितले गेले. रूळ बदलायचे होते, डबे दुरुस्त करायचे होते, दोराची यंत्रणा तपासायची होती, मग चाचण्या आणि मग परवाने. प्रत्येक कामाची निविदा वेगळी, प्रत्येक निविदेची मुदत वेगळी, एकीची मुदत संपेपर्यंत दुसरीच्या अटी बदललेल्या. मार्ग नगरपालिकेचा, गाड्या चालविणारी कंपनी वेगळी, परवानगी देणारे खाते रोमचे. दरम्यान चौकातून बदली बस सोडण्यात येत होती, त्यामुळे ओपिचिनाचा माणूस अगदीच अडून राहिला असेही नाही. तो बसने जाऊ लागला. पाच वर्षे बसने गेलेला माणूस ट्रॅमची वाट पाहत नाही. तो तिच्याविषयी बोलतो, गाणे म्हणतो, पण सकाळी साडेसातला बसच्या थांब्यावर उभा असतो. २०१६ मध्ये पहिलीत असलेले मूल २०२५ मध्ये माध्यमिक शाळेत पोहोचले. त्याच्या लेखी ट्रॅम ही आजोबांच्या गोष्टीतली वस्तू.

सार्वजनिक सेवा नाहीशा होण्याचा हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. एखादी सेवा उघडपणे बंद करायची तर कारण द्यावे लागते, जबाबदारी घ्यावी लागते, लोकांचा रोष पत्करावा लागतो. दुरुस्तीसाठी थांबविली आणि दुरुस्ती लांबत गेली की यातले काहीच करावे लागत नाही. कोणी दोषी नसतो. कागद फक्त पुढच्या टेबलावर गेलेला असतो. त्याआधीही, २०१२ ते २०१४ या काळात, ही गाडी बंद होती. म्हणजे २०१२ पासून २०२५ पर्यंतच्या सुमारे साडेबारा वर्षांत ती धड दोन-सव्वादोन वर्षे धावली. हे आकडे पाहिल्यावर ही घटना अपवादात्मक होती असे म्हणवत नाही. ही एक रीत झाली होती. नेरळ-माथेरानची गाडी २०१९ च्या पावसात वाहून गेलेल्या मार्गामुळे थांबली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली, तेव्हा माथेरानच्या लोकांनी तीन वर्षे कशी काढली हे ज्यांना आठवते त्यांना ट्रिएस्टच्या साडेआठ वर्षांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

यातला खरा विरोधाभास पुढेच आहे. ट्रॅम अशी निपचित पडलेली असतानाच नगरपालिकेने त्याच ओपिचिनाच्या पठारावर जाण्यासाठी एक नवी योजना पुढे केली. जुन्या बंदराच्या भागातून थेट वर जाणारा, आकाशात लोंबत्या पाळण्यांचा हा रोपवे. करोनाच्या साथीनंतर युरोपने दिलेल्या पुनर्बांधणीच्या निधीतून त्यासाठी जवळजवळ पाच कोटी युरोंची तरतूद २०२१ मध्ये मंजूर झाली. नागरिकांच्या समित्यांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले. विरोधकांचे दोन मुद्दे विशेष वजनदार होते. एक म्हणजे पाळण्यांच्या खांबांसाठी तोडाव्या लागणाऱ्या रानाचा. आणि दुसरा बोरा वाऱ्याचा. पठारावरून समुद्राकडे कोसळणारा हा वारा हिवाळ्यात ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने वाहतो. पूर्वी ट्रिएस्टच्या रस्त्यांवर माणसांना धरून चालता यावे म्हणून दोर बांधीत असत. अशा गावात लोंबते पाळणे हवेत चालविण्याची कल्पना ज्यांना सुचली त्यांनी ती वाऱ्याच्या दिवशी बाहेर उभे राहून तपासून पाहिली होती की नाही, असा प्रश्न पडतो. रोपवेच्या गुणदोषांचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण जमिनीला घट्ट धरून चालणारी, मार्ग तयार असलेली गाडी गंजत पडावी आणि त्याच दोन ठिकाणांमध्ये नव्या वाहनासाठी पैसा उपलब्ध व्हावा, यात आजच्या शासनव्यवहाराचा एक स्वभाव दिसतो. नव्या कामाला निधी मिळतो, मुदत मिळते, कोनशिला मिळते. दुरुस्तीच्या वाट्याला फक्त लेखापरीक्षण येते.

येथपर्यंत सर्व दोष नोकरशाहीच्या पदरात घालून मोकळे होता आले असते. तथापि या प्रकरणाची दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. लिस्बनमधील ग्लोरिया फ्युनिक्युलर १८८५ सालची. पोर्तुगालच्या राजधानीचे ते एक भूषण. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिचा दोर डब्याखाली जेथे जोडलेला होता तेथून सुटला, डबा उतारावरून सुसाट खाली आला आणि वळणावरच्या इमारतीवर आदळला. सोळा जण मृत्युमुखी पडले. सरकारी चौकशीच्या प्राथमिक अहवालात जे बाहेर आले ते अंगावर काटा आणणारे होते. वापरलेला दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता. त्याच दिवशी सकाळी गाडीची तपासणी झाली होती आणि तीत काही आढळले नव्हते, कारण दोर जेथे सुटला ती जागा भाग सोडविल्याविना दिसण्यासारखी नव्हती. ट्रिएस्ट जेव्हा थांबले होते तेव्हा लिस्बन धावत होते, आणि धावत राहण्याची किंमत लिस्बनने दिली.

इटलीला तर लिस्बनपर्यंत जाण्याची गरजच नव्हती. १४ ऑगस्ट २०१८ रोजी जिनोवाचा मोरांडी पूल कोसळून त्रेचाळीस माणसे दगावली. २३ मे २०२१ रोजी माजोरे सरोवराकाठच्या मोत्तारोने डोंगरावरील रोपवेचा ओढदोर तुटला. अशा वेळी डबा धरून ठेवण्यासाठी असलेला आपत्कालीन ब्रेक लागला नाही. तो मध्येच लागून वाहतूक वारंवार खोळंबत होती, म्हणून तो निकामी करून ठेवण्यात आला होता. चौदा जण गेले. गाडी थांबू नये म्हणून ब्रेकच काढून ठेवण्याची ही गोष्ट ज्या देशात घडली, त्या देशातील सुरक्षा अधिकाऱ्याने ओपिचिनाच्या शंभर वर्षांच्या मार्गाच्या कागदांवर सही करताना हात आखडता घेतला, तर त्याला दोष देणे सोपे नाही. मोरांडी पुलानंतर रस्ते आणि रेल्वे यांच्या सुरक्षिततेसाठी तेथे नवी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली, आणि ट्रॅमची परवानगी शेवटी तिच्या हातून गेली. तपासणी कडक झाली हे योग्यच झाले. समोरासमोरची टक्कर दोराच्या चढावर झालेली नव्हती, ती वरच्या एकेरी मार्गावर झाली होती. तरीही दोराची यंत्रणा नव्याने तपासली गेली यात गैर काही नाही.

मात्र काळजी आणि दिरंगाई या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी एक नाहीत. दोन्हींत गाडी उभी असते. दोर खोलून त्याचा तंतू न् तंतू पाहण्यासाठी गाडी सहा महिने उभी ठेवणे ही काळजी. तो दोर कोणी पाहायचा हे ठरविण्यासाठी ती दोन वर्षे उभी ठेवणे ही दिरंगाई. साडेआठ वर्षांतील किती काळ पहिल्या प्रकारचा आणि किती दुसऱ्या प्रकारचा, याचा हिशेब ट्रिएस्टच्या नागरिकांना मागता आला पाहिजे. एवढेच नव्हे, दिरंगाई ही काळजीची शत्रू आहे. नित्य चालणाऱ्या गाडीचा आवाज बदलला की चालकाला कळतो; चढावर कोठे झटका बसतो हे त्याच्या पायांना ठाऊक असते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ही विद्या जाते. जुने कामगार निवृत्त होतात, नव्यांना गाडी फक्त आराखड्यात भेटते. लिस्बनची दुर्घटना जुन्या गाड्या चालवू नयेत असे सांगत नाही. जुनी गाडी चालविणे ही स्वस्तातली गोष्ट नाही, आणि तिच्या देखभालीवर पैसा खर्च करण्याची तयारी नसेल तर तिचे कौतुक करण्याचाही अधिकार राहत नाही, एवढे मात्र ती बजावते.

कौतुकाचाही एक धोका आहे आणि तो ट्रिएस्टसमोर आता उभा आहे. गाडी पुन्हा सुरू झाली ती पर्यटनाच्या जाहिरातींच्या काळात. जुने डबे, समुद्राचे दृश्य, दोराचा चढ यांचे छायाचित्र जगभर जाते. हे वाईट नाही. प्रवाशांचे पैसे कोणत्याही वाहतुकीला हवेच असतात. पण दोन फेऱ्यांतले अंतर वाढत गेले, पहाटेच्या आणि रात्रीच्या फेऱ्या गेल्या, बोराच्या दिवशी सेवा सहज रद्द होऊ लागली, तर ओपिचिनाची म्हातारी बसनेच जाणार आणि ट्रॅममध्ये फक्त कॅमेरे चढणार. लिस्बनच्या ग्लोरियाचे पुष्कळसे असेच झाले होते. अपघातात दगावलेल्यांमध्ये परदेशी पाहुणे बरेच होते. नेपल्सच्या फ्युनिक्युलर गाड्या त्याच देशात वेगळा धडा देतात. तेथील कियाया मार्ग १८८९ चा, मोंतेसान्तो १८९१ चा, मध्यवर्ती मार्ग १९२८ चा आणि मेर्जेल्लिना १९३१ चा. वोमेरो टेकडीवरून खाली कामाला येणारा नेपल्सचा माणूस त्यांना वारसा म्हणत नाही. उशीर झाला की शिव्या देतो. दुरुस्तीसाठी त्याही वेळोवेळी बंद पडतात, पण हजारो माणसांची सकाळ अडल्यामुळे त्या विसरल्या जात नाहीत. उलट व्हेसुव्हियसवरची १८८० ची फ्युनिक्युलर निव्वळ सहलीची होती. तिच्या उद्घाटनाच्या वर्षी रचलेले गाणे जगभर गायले गेले, थॉमस कुक कंपनीने ती विकत घेऊन पर्यटक वर नेले, आणि १९४४ च्या उद्रेकात ती नष्ट झाली तेव्हा कोणाचेही रोजचे काम अडले नाही. ती पुन्हा उभारली गेली नाही. गाणे राहिले.

ओपिचिनाच्या ट्रॅमजवळही गाणे आहे. तेव्हा पुढची काही वर्षे पाहायचे ते वेळापत्रक. सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, हिवाळ्यात ती किती दिवस चालते, बसचा पास तिच्यात चालतो की नाही, आणि १९३५ व १९४२ च्या डब्यांचे सुटे भाग करून देणारे हात नगरपालिका आणि कंपनी यांनी मिळून कोठे तयार केले आहेत. दोर ठरावीक काळाने बदलावाच लागतो. त्या वेळी गाडी पुन्हा थांबेल, आणि थांबलीच पाहिजे. ती थांबण्याच्या दिवशीच पुन्हा सुरू होण्याची तारीख, आणि त्या तारखेला उत्तरदायी असलेल्या अधिकाऱ्याचे नाव, ओबेर्दान चौकातल्या फलकावर लागले पाहिजे.